नावापुढचा ‘अ’

कार्तिक सरता सरता वारा उत्तरेचा होतो आणि कारखान्याचा वास श्रीरामपुरात येऊ लागतो. आधी रसाचा गोड वास येतो; त्याने कोणाचे काही बिघडत नाही. मग काही दिवसांनी त्याच्या पाठीमागून दुसरा येतो, आंबट, जड, घशाला धरणारा. तो मळीचा, साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकाचा. तो आला की समजावे, साखर कारखान्याला जोडलेली स्पिरिटची डिस्टिलरी सुरू झाली. कचेरीबाहेरच्या लिंबाखाली माझे टेबल आहे. यंदा पाटाला पाणी आहे, उसाच्या गाड्यांची रांग बेलापूर रस्त्यापर्यंत लागली आहे, आणि माझ्यापुढे बसलेली माणसे समाधानाने म्हणतात, “लागला बरं का हंगाम.” मी मान डोलावतो आणि बाकावर थोडा कडेला सरकतो. तो वास येऊन शेजारी बसणार आणि त्याला जागा करून द्यायला हवी, असे मला उगीचच वाटते.

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलच्या अलीकडे थांबले. दोष घरच्या परिस्थितीचा, बुद्धीचा नव्हे. माझ्या हातचा अर्ज मामलेदार साहेब उभ्याउभ्या वाचत नाहीत, खुर्चीत बसून वाचतात, अशी या भागात वदंता आहे आणि तिचे खंडन करण्याचे कारण मला कधी पडले नाही. ‘सबब’ हा शब्द नेमका कोठे टाकावा, हे या तालुक्यात मला कळते तसे थोड्यांना कळते. माणसे रडत येतात, शिव्या देत येतात, कोणी नुसतीच बसून राहतात. त्या सगळ्यांना मी शासनाला समजेल अशा भाषेत बसवतो. हे काम सोपे नाही. शासनाच्या भाषेत माणसाला जागा फार थोडी असते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या साली मात्र अर्जांना तोटा नव्हता. पाटाची पाळी लांबली, विहिरी तळाला गेल्या, आणि कारखान्याच्या धुराड्याकडे लोक देवळाच्या कळसाकडे पाहावे तसे पाहू लागले. धूर निघतो आहे तोवर कोणाच्या तरी घरी पगार येतो आहे. रेशनवर लाल मिलो मिळे. त्याची भाकरी तव्यावर चिरफळे आणि घरात वेगळाच एक वास सोडून जाई. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्यांच्या रांगा बसलेल्या असत. सगळा मुलूख एका सुरात दगड फोडतो आहे, असा तो आवाज दुपारी टेबलापर्यंत येई. अशा वेळी ज्याचे नाव हजेरीपटावर आहे तो राजा.

असा एक राजा दर बाजारच्या दिवशी माझ्याकडे येत असे. सोपान जेजुरकर, मूळचा पुणतांब्याचा. डिस्टिलरीत कामाला. उंच, दाताच्या फटीतून बोलणारा आणि स्वतःच्या कामाचा ताठा असलेला. येताना तो एकटा कधीच नसे. त्याची सासुरवाडी पाथर्डीकडची, कोरड्या अंगाची. तिकडची माणसे एकामागून एक त्याच्या खोलीत उतरत होती आणि त्यांची नावे रेशनकार्डावर चढवण्यासाठी तो त्यांना माझ्यासमोर आणून उभे करी.

“अण्णा, आज मेव्हणा आनलाय. मागच्या बाजारी साडू हुता.”

“आणि पुढच्या बाजारी?”

“सासरा. त्यो चालत निगालाय, पोचंल तवर.”

कार्डाच्या अर्जात उत्पन्नाचा रकाना असतो. मी विचारले, “पगार किती लिहू?”

“हातात येतो त्यो लिवायचा का पुरतो त्यो?”

हातात येत होता तो मूळ आणि महागाई भत्ता मिळून दोनशेच्या आतबाहेर. त्या काळी हे थोडके नव्हते. कचेरीतला शिपाई त्याच्याकडे हेव्याने पाही. परंतु पगार हा पाण्यासारखा असतो; भांड्यात मोजला तर दिसतो, जमिनीवर ओतला तर भेग किती खोल आहे एवढेच कळते. सोपान म्हणे, “आमचा पगार पुरत न्हाई अण्णा, पर पोचतो लई लांब. फाटकातून निगतो, बेलापूरच्या दुकानात पानी पितो आन थेट पाथर्डीच्या येष्टीत बसतो. आमाला मागून नुसता धुरळा दिसतो.” कारखाना कामगारांना सवलतीने साखर देई, तिचा चहा त्याच्या घरात कोणी पीत नसे. ती साखर बाजारात जाई आणि तिची ज्वारी होऊन परत येई.

त्याच्या अंगाला स्पिरिटचा वास येत असे, धुतल्या सदऱ्यालासुद्धा. कचेरीतला शिपाई एकदा त्याला म्हणाला, “सकाळी सकाळीच लावली का पावणं?” सोपानने शांतपणे उत्तर दिले, “तोंडानं प्यालो तर पगार जातो. नाकानं पेतो त्ये कंपनीकडून फुकाट.” बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. आता तो वास आला की प्रथम ते हसू आठवते आणि मग त्या हसण्याच्या तळाशी काय होते ते.

तो मला एकदा डिस्टिलरी दाखवायला घेऊन गेला. मीही गेलो, कारण ज्या माणसाचे अर्ज आपण लिहितो त्याचे कामाचे ठिकाण पाहणे हा व्यवसायाचा भाग आहे. तांब्याचे उंच कॉलम, वाफेचे नळ, काचेमागून वाहणारी ती पाण्यासारखी धार, आणि वाफेच्या काट्याकडे एक डोळा ठेवून एका हाताने चाक फिरवत मला दुसऱ्या हाताने सगळे दाखवणारा सोपान. “ह्ये जरा ढिलं सोडलं तर पानी येतंय, जरा आवळलं तर साहेब येतोय.” पुढे आंबवणाच्या टाक्या होत्या. मळीत पाणी आणि खमीर घालून ठेवले की ती आपोआप उकळल्यासारखी होते. खाली जाळ नाही, आणि वर फेस. मी कडेवरून कान दिला. आत बाजार भरला होता. हजार माणसे खालच्या आवाजात एकाच वेळी बोलत असावीत तसा तो आवाज होता. शब्द मात्र एकही लागत नव्हता.

“टाकी बोलती,” सोपान म्हणाला. “बोलती तवर भ्या न्हाई. गप झाली की मग बगायचं.”

आजही कचेरीच्या आवारात बाजारच्या दिवशी गर्दी होते. दूरवरून तिचा गलका येतो आणि माझ्या हातातील टाक थांबतो. मी गलका थांबण्याची वाट पाहतो, आणि तो थांबू नये असेही वाटते.

त्या हंगामात कारखान्याने कामगारांच्या श्रेण्या लावल्या. कुशल, अर्धकुशल, अकुशल. टाइमकीपरच्या खिडकीशेजारी फळ्यावर कागद चिकटवला आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी एक कारकून तो मोठ्याने वाचून दाखवी. सोपानला तोंडी सगळे ‘ऑपरेटर’ म्हणत. साहेबसुद्धा हाक मारताना ऑपरेटरच म्हणे. हजेरीपटावर मात्र तो ‘मदतनीस’ होता. तोंडाने माणसाला बढती देण्यास खर्च येत नाही. कारकून वाचत होता तेव्हा सोपानची बायको, गयाबाई, भाकरी घेऊन फाटकाशी उभी होती. तिने ऐकले, “जेजुरकर सोपान गणपत, अकुशल.”

पुढच्या बाजारी ती एकटीच माझ्यापुढे येऊन बसली. ठेंगणी, काळीसावळी, बोलताना जमिनीकडे पाहणारी. पण शब्द असा ठेवी की उचलून दुसरीकडे सरकवता येऊ नये.

“अण्णा, एक अक्शर काडायचं हाय. काय घेशीला?”

“अक्षर? कशातले?”

“ह्यांच्या नावाफुडं लावलंय त्ये. कुशलाच्या आदी.”

मला समजायला क्षणभर वेळ लागला. मग मी तिला समजावून सांगितले की, अकुशल म्हणजे ज्याने त्या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही असा कामगार. हा हुद्द्याचा शब्द आहे, जिवाचा नव्हे.

“मंग माज्या भावाला पत्र लिवताना तुमी काय लिवता? ‘इकडील सर्व कुशल.’ त्ये जिवाचंच का न्हाई?”

“ते कुशल वेगळे, बाई.”

“कुशल दोन हाईत व्हय?”

“शब्द एकच. खाते वेगळे.”

“मंग खातं बदला,” ती म्हणाली. “चारचौगांत नाव घेऊन म्हनले अकुशल. कारकुनानं तीन डाव वाचलं. कुनी मेल्याबिगर असं वाचत न्हाईत.”

तिला पगाराशी कर्तव्य नव्हते. तिने तसे स्पष्ट सांगितले: पैसा आहे तेवढाच राहू द्या, अक्षर तेवढे काढा. मी इतकी वर्षे अर्ज लिहितो आहे, परंतु पैसा नको आणि अक्षर काढा अशी मागणी घेऊन आलेले माणूस मला तेवढे एकच भेटले. मी तिला सांगितले की, असा अर्ज शासनदरबारी उभा राहत नाही, मागणीला वजन लागते. तेव्हा पगाराची मागणी वर ठेवू, अक्षर तिच्याबरोबर आपोआप निघेल. तिने पदराच्या गाठीतून साखरेची पुडी काढून टेबलावर ठेवली. ती मी परत केली. दुष्काळात मी फी घेत होतो, साखर नाही.

सोपान दुसऱ्या दिवशी हसत आला. “अण्णा, हिनं मला शनवारी मारुतीला नेमलंय. उतरून टाकायला लिंबू, वर वाटीभर तेल. त्यो अकुशल म्हनतो साहेब, आन तेल जातं माज्या पगारातनं.” मग हसू थोडे आवरून म्हणाला, “पर अर्ज चांगला लिवा. कुशलला चाळीस-पन्नासचा फरक हाय. दोन मान्सांची जवारी निगती त्यात.”

म्हणजे एकाच अर्जाचे दोन अर्जदार होते. एकाला श्रेणी हवी होती, एकीला अक्षर.

तो अर्ज मी मन लावून लिहिला. ‘अर्जदार हा वाफेचा दाब, मळीचे आंबवण व स्पिरिटची धार यांवर स्वतंत्रपणे देखरेख करीत असून, सबब त्यास मदतनीस म्हणणे हे वस्तुस्थितीस धरून नाही.’ सरकारी कामगार अधिकारी पुण्याकडचा तरुण होता, वाणी शुद्ध, मनाने वाईट नव्हता. त्याने अर्ज बसून वाचला. मग विचारले, “ऑपरेटरचे प्रमाणपत्र कोठे आहे?” प्रमाणपत्र अर्थातच नव्हते. हात भाजल्याच्या खुणा होत्या. त्या जोडपत्र म्हणून लावता येत नाहीत. अधिकारी म्हणाला, “पुढच्या हंगामापासून अर्धकुशलसाठी मी शिफारस करतो. याहून अधिक माझ्या हातात नाही.”

मला ते यश वाटले. अर्धा का होईना, शासनाच्या मुठीतून सुटलेला घास होता. सोपानही खूश झाला. त्या बाजारी ती दोघे एकदम माझ्यापुढे बसली होती, आणि मी मोठ्या समाधानाने ती बातमी सांगितली.

गयाबाई जमिनीकडे पाहत म्हणाली, “अर्दं नगं.”

“अगं, अर्द्यात तुज्या भावाचं प्वाट भरतंय.”

“माज्या भावाचं नाव काडू नगा. त्यो खडी फोडून खातो. अर्दं कुशल म्हंजी काय? कुकू अर्दं लावत्यात का कुनी?”

“आता ह्येला काय म्हनावं, अण्णा. सरकार पावलं तर घरचा देव आडवा.”

“पुरतं द्या न्हाई तर ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली आणि उठली. सोपानने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला व शिफारशीस संमती म्हणून सही केली. त्याची सही मोठी होती, शेवटच्या रेघेला शेपूट काढणारी. तिच्या मागून जाताना तो मोठ्याने म्हणाला, “चल, तुला अर्दा शेर शेव घेतो. ती तरी अर्दी खाशील का?” तिने मागे वळून पाहिले नाही, पण तिची पाठ हसल्यासारखी वाटली. त्यांना मी एकत्र पाहिले ते तेवढेच.

ऊस कमी, त्यामुळे हंगाम लवकर आटोपला. शिमग्यानंतर कारखान्याचा शेवटचा भोंगा झाला. मळी संपेपर्यंत डिस्टिलरी थोडे दिवस अधिक चालली आणि मग टाक्या रिकाम्या करून धुवायला घेतल्या. आंबवण काढले तरी त्यातून सुटलेली हवा तळाशी बसून राहते. तिला वास नाही, रंग नाही. टाकीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायचा, तो विझला तर उतरायचे नाही, अशी रीत. त्या दिवशी कंदील सोडला होता की नाही, यावर पुढे बरेच कागद लिहिले गेले. एवढे खरे की आधी एक मजूर उतरला आणि तळाशी बसला. हाक मारली तर ओ देईना. सोपान दोर घेऊन उतरला, त्याने त्या मजुराच्या काखेतून दोर आवळला, वर हात केला. मजूर वर आला आणि जगला. दोर परत खाली सोडला तेव्हा तो धरायला कोणी नव्हते.

या गोष्टीचे मी नंतर पुष्कळ दिवस मनात वाक्य करू पाहत होतो. ‘सदर कामगार’ असे सुरू करी आणि तेथेच थांबे.

चौकशीचा कागद मी पाहिला आहे. त्यात एक प्रश्न होता, कोणी विचारला ते ठाऊक नाही: अकुशल कामगार टाकीत उतरलाच कसा? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात नुकसानभरपाईचा सगळा हिशेब होता. उतरण्याचा त्याला अधिकार नव्हता, सबब तो आपल्या मर्जीने मेला. मी आयुष्यात पुष्कळ अर्ज लिहिले. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून गयाबाईच्या वतीने लिहिला तसा दुसरा लिहिला नाही. तो अकुशल असेल तर वाफेचे चाक त्याच्या हाती कोणी दिले? आणि चाक त्याच्या हाती दिले असेल तर तो अकुशल कसा? एवढेच दोन प्रश्न, आणि भोवती आवश्यक तेवढा नम्रपणा. कामगार अधिकाऱ्याने त्यावर आपल्या जबाबदारीने शेरा मारला असे ऐकतो. पुढे त्याची बदली झाली.

उन्हाळा तसाच गेला. पाथर्डीची माणसे हळूहळू परत गेली. जिथे पगार नाही तिथे पाहुणे तरी किती दिवस राहणार. क्वार्टरची खोली सोडावी लागली. गयाबाई आपल्या दोन मुलींना घेऊन पुणतांब्याला दिराकडे राहायला गेली. पाऊस त्या वर्षी बरा झाला आणि लोक मिलोची चव विसरले. माझ्याकडे पत्र सांगणारे येत, “लिवा, इकडील सर्व कुशल.” मी लिहीत असे, ‘इकडे सर्व ठीक आहे.’ कोणाच्या लक्षात येत नसे. एकदा एका शिक्षकाच्या आले. तो म्हणाला, “अण्णा, पत्राची भाषा उतरली तुमची.” असेल. माझी भाषा कोठे उतरली आहे हे मी त्याला सांगत बसलो नाही.

बॉयलर पेटवण्याच्या सुमारास, नव्या हंगामाच्या तोंडाला, कारखान्याचा आदेश आला. तो वाचून घ्यायला गयाबाई दिराबरोबर आली. मी तिच्या कपाळाकडे पाहिले नाही. लखोटा फोडला, चष्मा पुसला. अर्ज मंजूर झाला होता. पूर्ण मंजूर. भरपाई वरच्या पगारावर धरली जाणार होती, मागच्या हंगामाचा फरकही मिळणार होता. माझ्या हातून याहून मोठे काम झालेले नाही, आणि म्हणून मी आदेश जसाच्या तसा, कचेरीत वाचतात तशा आवाजात वाचला:

“जेजुरकर सोपान गणपत, आसवनी (डिस्टिलरी) विभाग, यांस गत हंगामाच्या प्रारंभापासून कुशल समजण्यात येत आहे.”

दीर म्हणाला, “वैनी, निगालं बगा. झालं तुमच्या मनासारखं.”

तिने प्रथमच मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत पाणी नव्हते. एखादा नीट ऐकू न आलेला पत्ता पुन्हा विचारावा तसे तिने विचारले, “कोन समजतंय?”

“म्हणजे?”

“कुशल समजतंय म्हनला न्हवं. कोन समजतंय?”

मी कागदाकडे पाहिले. वाक्य शुद्ध होते. क्रियापद होते, काळ होता, नाव, विभाग, हंगाम सगळे जागच्या जागी होते. कर्ता नव्हता. खाली सही होती, तीही लागत नव्हती. दीर म्हणाला, “सरकारी बोली असती वैनी, आंगटा करा,” आणि त्याने तिचा हात धरून टेबलावर ठेवला. मी शाईची डबी उघडली. ती अंगठ्याकडे पाहत नव्हती. माझ्या तोंडाकडे पाहत होती, उत्तर येईल म्हणून.